चाळणीवर राहिलेले मणी

२ फेब्रुवारी

ती. सौ. वहिनीस,
साष्टांग नमस्कार.

हा मायना वाचूनच तुला कळलं असेल की मी रागावले आहे. एरवी मी तुला गोगे म्हणते. कॉलेजात तू इतकी हळू चालायचीस की सगळा वर्ग तुला गोगलगाय म्हणायचा, आणि त्याचं गोगी मी केलं. पण आज तू माझी मैत्रीण नाहीस. आज तू माझ्या दादाची बायको आहेस आणि मी तुझी नणंद आहे, तेव्हा नणंदेसारखंच वागणार.

फोन मुद्दामच केला नाही. मागच्या वेळी आपण दोघी एकदम बोलत होतो, तेव्हा दादाने फोन काढून घेतला आणि म्हणाला, तुम्ही दोघी आता पत्रं लिहा, पत्रात मध्येच तोंड घालता येत नाही. तर वाच आता गप्प बसून.

काल घरी आले तर आई मागची खोली रिकामी करत होती. माझी पुस्तकं, जुने अंक, तो बिघडलेला पंप, सगळं जिन्याखाली गेलं होतं. कोण येतंय म्हणून विचारलं. तर म्हणते, "अगं, तिने तुमच्या प्रयोगशाळेतल्या जागेसाठी अर्ज केलाय ना. जागा मिळाली की दोघं परत येतील. तुला ठाऊक नव्हतं?"

मला ठाऊक नव्हतं. आईला ठाऊक होतं, दादाला होतं, सरांना तर असणारच, अर्ज त्यांच्याच टेबलावर जातात. एकटी मीच तेवढी येडी.

गोगे, ती जागा एकच आहे. कायमची जागा आमच्याकडे किती वर्षांनी निघाली ते तुला माहीत आहे. मी इथे वर्षावर्षाच्या करारावर लटकत आले आणि आता सरांनी स्वच्छ सांगितलंय की करार संपले, यापुढे ज्याला जागा तो राहील, बाकीच्यांनी दुसरीकडे बघावं. दुसरीकडे कुठे बघू? धुळीचा लेप दिलेले काचेचे मणी पोकळीत एकमेकांवर आपटून बघायचे, हे काम आणखी कोण देणार आहे मला? हे मणी ज्या उंच नळीतून सोडतात ती नळी मी उभी केली. तिचा एकेक स्क्रू माझ्या हाताखालून गेला आहे.

तू आधी दादा नेलास. त्याबद्दल बोलत नाही, तुमची ओळख मीच करून दिली, माझ्याच कर्माची फळं. मग आई. ती राहते माझ्याजवळ, पण संध्याकाळी पहिला प्रश्न असतो, "तिचा फोन आला होता का?" आता नळी पण हवी का तुला?

उत्तर लिही. गोड गोड लिहू नकोस, माझ्या अंगावर काटा येतो.

तुझी नणंद

*

९ फेब्रुवारी

प्रिय ठमे,

तुला वन्सं म्हणून मायना लिहायला बसले होते, पण हसू आलं आणि कागद फुकट गेला. ठमी ती ठमीच.

आधी तुझ्या रागाबद्दल. मी आईंना काही सांगितलं नव्हतं. तुझ्या दादाने सांगितलं, आणि सांगून झाल्यावर मला विचारलं की सांगू का. तुला मी स्वतः लिहिणार होते. रोज लिहिणार होते. तू अशीच चिडशील हे माहीत होतं म्हणून आजचं उद्यावर गेलं. एवढं माझं चुकलं.

पण अर्ज केला यात माझं काय चुकलं? जागेवर तू रुमाल टाकून ठेवला होतास का? जाहिरात सगळ्यांसाठी होती, आणि त्या सगळ्यांत मीही येते. माझंही इथलं काम यंदा संपतंय. हे आमचं तिसरं गाव. प्रत्येक गावात नवीन भाड्याचं घर, आधीच्या लोकांनी भिंतीवर ठोकलेले खिळे, आणि ओळख होईपर्यंत निघायची वेळ. तुझा दादा आता घरी जाऊ या म्हणतो. सहज नाही म्हणत, जेवताना हातातला घास थांबवून म्हणतो. तुला माहीत आहे तो घास थांबवणारा माणूस नाही.

आणि दादा नेला, आई नेली म्हणतेस. दादाला ने परत, पण त्याचे मोजेही ने. आईंचं म्हणशील तर त्या फोनवर माझ्याशी काय बोलतात ते ऐकलंस तर गार पडशील. "ती आज उशिरा आली, ती नीट जेवत नाही, तिच्या नळीचं काहीतरी फुटलं म्हणून गप्प आहे." अख्खा फोन तुझ्यावर जातो. शेवटी माझ्या वाट्याला येतं, "बाकी तू बरी आहेस ना?" मी बरी आहे म्हणते.

असो. कामाचं विचारते. संगणकावरच्या माझ्या गणितात लेप असला की मणी चिकटतात. संथ वेगाने आपटले तर धूळ दबते, धक्का पिऊन टाकते आणि दोघांना धरून ठेवते. नागडे मणी मात्र टणाटण उडतात. तुझ्या नळीत काय होतंय? खरं सांग. सरांना विचारलं तर तू म्हणशील मी हेरगिरी करते, म्हणून तुलाच विचारते.

तुझीच,
गोगी (वहिनी म्हणायचं असेल तर पाया पड)

*

१७ फेब्रुवारी

गोगे,

मोज्यांचं वाचून हसले, पण तेवढ्याने राग गेला असं समजू नकोस.

विचारलंस म्हणून सांगते आणि अगदी आनंदाने सांगते. चिकटत नाहीत. एकही जोडी चिकटत नाही. अगदी तुझ्या चालीने, गोगलगाईच्या वेगाने आपटवले तरी येतात, टेकतात आणि सरळ परत जातात. तुझं ते धक्का पिणं आणि धरून ठेवणं पडद्यावरच राहू दे. मुलाखतीत मी हेच दाखवणार आहे आणि हेच माझं भाषण आहे. लोक इतकी वर्षं समजत होते की लेपामुळे मणी चिकटले. माझी नळी सांगते, नाही. तुझ्या गणिताचं नाव घेणार नाही, काळजी करू नकोस. पण ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

परवा आईला समोर बसवून भाषण म्हणून दाखवलं. तिला म्हटलं, आई, सूर्य अगदी नवा होता, भोवती नुसता वायू आणि धूळ. त्यात खडकाचे वितळलेले बारीक थेंब गोठले आणि त्यांचे मणी झाले, मोहरीएवढे. ते धुळीतून फिरत राहिले, म्हणून प्रत्येकावर धुळीचा मऊ लेप बसला. मग ते एकमेकांवर आपटू लागले. आता प्रश्न असा की आपटल्यावर चिकटायचे की उडायचे? चिकटले तर दोनाचे चार, चाराचे आठ, त्यातून मोठे दगड, त्यातून पुढे ग्रह. आई म्हणाली, "आणि तुझे चिकटत नाहीत?" मी म्हटलं नाही. ती म्हणाली, "मग आपण आत्ता कशावर बसलोय?" मी म्हटलं, ते दुसऱ्या कोणीतरी शोधायचं. तिला ते पटलं नाही. तिला वाटलं मी काम अर्धवट टाकते आहे.

तुझं पडद्यावर सगळं आयतं असतं म्हणून तुला सांगते, इकडे काय खपावं लागतं ते ऐक. नरसाळ्यात मणी ठेवायचा, खालून हवा सोडायची म्हणजे तो अधांतरी नाचतो, आणि वरून बारीक धूळ सोडत राहायची. हळूहळू लेप बसतो. असे मूठभर झाले की चाळून घेते. चाळणं आमच्याकडे नागड्या मण्यांच्या वेळेपासून आहे, सगळे एका आकाराचे हवेत म्हणून, आणि माझा हात त्यात इतका बसलाय की चाळणी बघितल्याशिवाय मला काम सुरू झालंसं वाटत नाही. लेपाचे मणी तर जास्तच चाळावे लागतात. जोडीजोडीने गठ्ठा झालेले असतात ते वर राहतात, ते फेकून देते. खाली पडतात ते एकेकटे, गोल, गुळगुळीत, बघत राहावेत असे. मग त्यातले दोन निवडून नळीत सोडायचे, आणि कॅमेराही त्यांच्याबरोबरच खाली पडतो, म्हणजे त्याला वाटतं मणी तरंगताहेत. पाहुण्यांना दाखवते तेव्हा सगळे म्हणतात, किती स्वच्छ काम.

हे असं तुझ्या पडद्यावर होतं का? होत नाही. म्हणून म्हणते, अर्ज मागे घे आणि दादाला सांग घास खा.

ठमी

*

५ मार्च

गोगे,

उत्तर नाही. मी वाट बघून बघून कंटाळले.

गप्प का बसलीस ते मला कळतं. माझे मणी उडाले ते तुला झोंबलं. आता तिकडे बसून गणितात फिरवाफिरवी चालली असेल, म्हणजे मुलाखतीला म्हणता येईल, "माझ्याही गणितात उडतातच की." करून बघ. सरांना तुझी गणितं माझ्याइतकीच पाठ आहेत.

काल आईला तुझा फोन आला. मी शेजारीच बसून पालेभाजी निवडत होते. अर्धा तास हसत होती ती. माझ्याशी बोलताना ती इतकी हसत नाही, कारण मी घरी येते तेव्हा माझ्या तोंडाला कुलूप असतं आणि हातांना धूळ. फोन ठेवून म्हणाली, "ती तुझी चौकशी करत होती." मला लिहायला हात दुखतात आणि आईकडे चौकशी? मी भाजी तशीच टाकून उठले. आईला वाटलं मला बरं नाही.

बरं नाहीच आहे. जळते आहे मी, समजलीस? तू इथे येऊन त्या टेबलाशी बसलीस, आईने तुझ्या आवडीचं करून तुला हाक मारली आणि मी दुसऱ्या गावात खोली शोधत फिरते, हे चित्र मला दिवसातून किती वेळा दिसतं ते सांगत नाही.

मुलाखत या महिन्याच्या शेवटी आहे. तुझी पडद्यावरून घेणार म्हणे. केस विंचरून बस.

ठमी

*

१० मार्च

प्रिय ठमे,

तुझं चाळणीचं पत्र ज्या दिवशी आलं, त्याच दिवशी मला कळलं. उत्तर द्यायला इतका वेळ लागला, कारण मला सांगायचं नव्हतं.

तू चाळतेस. लेपाचे मणी चाळणीवर टाकून हलवतेस. म्हणजे नळीत सोडायच्या आधीच त्यांच्या टकरी होऊन जातात, एक नाही, शेकडो. लेप दबून दबून घट्ट होतो, मऊ राहतच नाही, म्हणून तर ते तुला गुळगुळीत दिसतात. आणि जे चिकटलेले असतात ते चाळणीवर राहतात आणि तू फेकून देतेस. ठमे, चिकटणारे तू टोपलीत टाकलेस आणि न चिकटणारे नळीत. मग नळी म्हणते, चिकटत नाहीत. बिचारी खोटं बोलत नाही.

आता मी गप्प का बसले ते. फिरवाफिरवी करत नव्हते. नुसती बसले होते. मुलाखतीच्या समितीत लेपाचं काम जाणणारी दोन माणसं आहेत. तू हे भाषण केलं असतंस तर त्यांनी चाळणीबद्दल विचारलंच असतं, आणि तू पाहुण्यांना सांगतेस तसं कौतुकाने सांगितलं असतंस. मग जागा माझी होती. मला काही करायचं नव्हतं, फक्त पत्र लिहायचं नव्हतं. इतकं सोपं मला आयुष्यात काही मिळालेलं नाही.

तू लिहितेस की तू जळतेस. मी किती जळते ते तुला माहीतच नाही. तुझ्या हातात खरे मणी असतात. मी भिंतीकडे तोंड करून आकडे बघते, आणि कोणी विचारलं की कशावर काम करता, तर दाखवायला माझ्याकडे चिमूटभर धूळ पण नाही. तुझं गाव ठरलेलं आहे, तुझी आई शेजारच्या खोलीत आहे, सरांच्या प्रत्येक वाक्यात तुझं नाव आहे. आईंना फोन करते तेव्हा त्या तुझ्याबद्दलच बोलतात म्हणून मी त्यांना हसवते, म्हणजे तेवढा वेळ तरी त्या माझ्याशी बोलतात. परवा तोच अर्धा तास तू मोजत बसलीस.

तुझ्या दादाला हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने तुला त्याच मिनिटाला फोन केला असता, आणि मग सांगणारा तो ठरला असता. म्हटलं सांगायचंच तर मीच सांगेन.

न चाळता टाकून बघ. लेप दिलास की नरसाळ्यातून सरळ नळीत.

गोगी

*

१३ मार्च

वहिनी,

पत्र मिळालं. मुलाखत तोंडावर आली आणि आत्ताच तुला माझी चाळणी दिसली का? इतके दिवस काय करत होतीस? आता मी घाबरून सगळं पुन्हा करायला बसावं, निम्मं होऊन निम्मं राहावं, आणि तिथे उभी राहून त-त-प-प करावं, हाच बेत ना? छान आहे. एवढी हुशारी कॉलेजात दिसली नव्हती.

वर जळते म्हणून लिहितेस. तू? घर, नवरा, माझी आई, सगळं घेऊन बसलेली तू माझ्यावर जळतेस, आणि मी ते खरं मानू?

मी काही बदलणार नाही.

ठमी

*

१७ मार्च

ठमे,

मग बदलू नकोस. मी सांगितलं, माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं. आता चूक तुझी तू सांभाळ.

तुझा दादा विचारतो की पत्रात एवढं काय लिहिता तुम्ही. मी म्हटलं पाककृती.

गोगी

*

३० मार्च

गोगे,

मुलाखत झाली. आधी हे सांगते की मी बदललं.

तुला शिव्या घालून पत्र टाकलं त्याच दुपारी प्रयोगशाळेत गेले. तुला खोटं पाडायचं म्हणून गेले, दुसरा कसलाही चांगला हेतू नव्हता. लेप दिला, चाळणी दाराआड ठेवली, आणि दोन मणी सरळ नळीत सोडले. हात दोनदा दाराआडच्या चाळणीकडे गेला. न चाळता टाकणं म्हणजे मला तोंड न धुता बाहेर पडल्यासारखं वाटत होतं. मग कॅमेऱ्याने काय पाहिलं ते बघायला बसले. दोन मणी आले, एकमेकांना लागले, थोडी धूळ उडाली, आणि ते गेलेच नाहीत. एकत्र फिरत राहिले, हळूहळू, एकच वस्तू असल्यासारखे. मी खुर्चीतून उठले आणि परत बसले. दुसरी जोडी टाकली. ती पण चिकटली. तिसरी जरा जोरात सोडली, तेव्हा लेप फुटला आणि दोघं उडाले. मग नव्या जोडीचे मणी चिकटले की सोडवून पुन्हा पुन्हा हळूच आपटवले. पहिल्यांदा मऊ लागले, मग लेप घट्ट होत गेला, आणि शेवटी टणाटण. सगळं तुझ्या गणितात आहे तसंच, अगदी त्याच क्रमाने. इतका राग आला मला तुझा.

त्यानंतर रोज तेच करत होते. भाषण फाडून नवं लिहिलं. तुझं गणित बरोबर आहे हे माझ्या नळीने दाखवायचं, आणि तेही ज्या जागेसाठी तू उभी आहेस त्याच जागेच्या मुलाखतीत. आरशासमोर म्हणून बघितलं तर तोंड कडू झालं. एकदा वाटलं जुनंच म्हणावं. चाळणीबद्दल कोणी विचारलंच नाही तर? पण ते दोन मणी एकत्र फिरताना मी पाहिले होते. ते न पाहिल्यासारखं मला करता येईना.

मुलाखतीत जुनं काम दाखवलं, ते का चुकलं ते सांगितलं, चाळणी उचलून दाखवली, आणि मग नवं दाखवलं. समितीतले ते दोघं पुढे सरकून बसले. सरांनी विचारलं, चूक कशी सापडली? मी म्हटलं, सापडली.

तुझी मुलाखत माझ्यानंतर होती. कशी झाली ते लिही. दादाला विचारलंय म्हणून सांग.

ठमी

*

८ एप्रिल

ठमे,

जागा तुला मिळाली. मला पत्र आलं, तुला माझ्याआधी आलं असेल. अभिनंदन. हे मनापासून आहे की नाही ते मला आज सांगता येणार नाही, म्हणून नुसतं अभिनंदन.

माझी मुलाखत कशी झाली विचारतेस. केस विंचरून बसले होते. सर सुरुवातीलाच आनंदात म्हणाले, "सकाळी तुमच्या नणंदबाईंनी कमाल केली. स्वतःच्या प्रयोगातली चूक स्वतः शोधली आणि आमच्यासमोर मांडली. असं धैर्य फार कमी लोकांत असतं." मी हसले. म्हटलं, हो, ती पहिल्यापासून तशी आहे. ते म्हणाले, तुमच्या गणितालाही त्यामुळे बळ आलं. मी म्हटलं, हो. पुढे त्यांनी जे जे विचारलं त्याची उत्तरं मी कशी दिली ते मला आठवत नाही. मला सारखं तेच ऐकू येत होतं, स्वतःची चूक स्वतः शोधली.

सापडली म्हणे. झाडाखाली सापडली का?

मला तिथे सांगता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं. पण ते वाक्य पडद्यावरून किती चिल्लर दिसलं असतं याचा विचार कर. नणंदेच्या नावाने रडणारी भावजय. मूग गिळून बसले.

आता खरं सांगते, कारण खोटं बोलायची ताकद राहिली नाही. मी पत्र लिहिलं नसतं तर जागा माझी होती. हे मी सकाळी उठले की म्हणते, भांडी घासताना म्हणते. पत्र लिहिलं याचा पश्चात्ताप होत नाही, तसा झाला असता तर बरं झालं असतं, काहीतरी एक ठरलं असतं. नुसती जळत राहते. तुझ्या नळीवर, तुझ्या कायमच्या जागेवर, सरांच्या त्या वाक्यावर. आपण एकमेकींवर जळायचो त्यात एक बरोबरी होती. आता तू थांबलीस आणि सगळं माझ्याकडे आलं.

तुझा दादा चौथ्या गावाचा नकाशा बघतो आहे. घास वगैरे थांबवत नाही आता, मुकाट्याने जेवतो.

गोगी

*

२० एप्रिल

गोगे,

मी थांबले असं कोणी सांगितलं तुला?

आधी सरांचं. तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्या खोलीत गेले आणि दार लावून सांगितलं की चाळणीची चूक मी शोधली नाही, तिने शोधली, स्वतः त्याच जागेसाठी स्पर्धेत असताना मला लिहून कळवली, आणि मी तिचं नाव गिळलं. जागा मिळाल्यावर हे सांगणं सोपं असतं, मला माहीत आहे, ते तू लिहू नकोस. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग म्हणाले, "जागा तशीच राहील. पण मी तिला जे बोललो ते मला परत घेता येणार नाही, ते तुझ्यामुळे. पेपरवर तिचं नाव आधी जाईल. आणि तिला पत्र मी स्वतः लिहीन." मी बरं म्हटलं. बाहेर येऊन जिन्यात बसले आणि रडले, आणि लाज वाटून रडले असं लिहायला मला आवडलं असतं. निम्मं तसं होतं. निम्मं असं की हात माझे सोलवटले आणि नाव तुझं पहिलं. ही माझी थांबण्याची तऱ्हा.

आता घरचं. हे मला कोणालाच सांगता येत नाही आणि तुलाच सांगावं लागतंय, बघ काय दिवस आले.

जागेचं पत्र आलं तेव्हा मी धावत घरी गेले. आई ओट्याशी होती. तिला कागद वाचून दाखवला. ती म्हणाली, "बरं झालं बाई." हात पुसले, माझ्या डोक्यावरून फिरवले. मग म्हणाली, "म्हणजे ते दोघं आता येणार नाहीत." आणि स्टुलावर बसली. जेवायला बसलो तर तिला घास उतरेना. मी किती वेळ बघत होते. शेवटी म्हटलं, "आई, मला जागा मिळाली. मी इथेच राहणार, कायमची. त्याचं तुला काहीच नाही का?" तिने माझ्याकडे इतक्या मायेने बघितलं, गोगे, की राग पण धरता येईना. म्हणाली, "अगं, तू तर असतेसच की."

तिला त्यात वाईट काही म्हणायचं नव्हतं. म्हणून तर ते मनातून गेलं नाही. इतकी वर्षं मी ही जागा, ही नळी, हे घर तुझ्यापासून राखत बसले, आणि जिच्यासाठी राखलं तिला मी कधीच गेल्यासारखी वाटले नव्हते, त्यामुळे मी राहिले याचा आनंद तिला कुठून होणार? जे गाव सोडून जातात त्यांची वाट बघतात. माझी कोण बघणार, मी साडेसहाला येतेच. म्हणजे जागा मिळवूनही मी तुझ्यावरच जळत जेवले.

तुला काय देऊ? जागा देता येत नाही, आणि येत असती तरी दिली नसती, खोटं कशाला. पण पुढचं काम आहे. एका मण्यावर दुसऱ्याची किती धूळ जाते ते बघायचंय, आणि ते माझ्या एकटीच्याने होणार नाही. त्याला तुझं गणित लागेल आणि तुला इथे येऊन नळीशी बसावं लागेल, पडद्यावरून नाही. सरांना विचारलं, येण्याजाण्याची आणि राहण्याची सोय होते म्हणाले. चिमूटभर धूळ म्हणत होतीस ना, पोतंभर देते. दादालाही आण. चौथ्या गावाला इथून जा, काय बिघडतं?

मला विचारशील, तुला हे मनापासून हवंय का? नाही. तू आलीस की आई सकाळपासून गाणं म्हणत फिरेल, ताटात पहिलं वाढेल ते तुला, आणि मी समोर बसून बघत राहीन. ते बघितलं की माझ्या पोटात दुखणार, हे आत्ताच दुखतंय. तरी ये.

तारीख मला कळवू नकोस, आईला फोन करून कळव. मी शेजारी बसलेली असेन. ती किती हसते ते मला ऐकायचं आहे.

तुझी,
ठमी